अन् त्या पोराचं काय झालं जी? – शेक्सपिअरची अखेरची नाटकं समजून घेताना

पौषातली रात्र होती. धान घरात आलं होतं, तणसाचे ढीग खळ्यावर पडले होते आणि दोन गावं पलीकडे नाटक लागलं होतं. तरणी पोरं ट्रॅक्टरवर बसून तिकडं गेली. मागं उरलेले आठ-दहा जण आमच्या अंगणात शेकोटीभोवती बसले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, तुमीच सांगा काहीतरी.’’ मी एका राजाची गोष्ट सांगितली. हा राजा काही कारण नसताना आपल्या गरोदर बायकोवर संशय घेतो. तिला तुरुंगात टाकतो. तिथं जन्मलेली मुलगी परक्या मुलखात टाकून द्यायला लावतो. आईच्या काळजीनं त्याचा लहान मुलगा मरतो, राणीही गेली अशी बातमी येते. सोळा वर्षांनी मुलगी सापडते. मग एक दगडी पुतळा दाखवला जातो, आणि तो पुतळा म्हणजे जिवंत राणी निघते.

पुतळा हलला तेव्हा सगळे खूश झाले. शेजारच्या आजीनं मात्र हात शेकता शेकता विचारलं, ‘‘अन् त्या पोराचं काय झालं जी?’’

पोरगा तर मधेच मेला होता. बाकीचे त्याला विसरले होते, सांगताना मीही विसरलो होतो. त्या रात्रीपासून मला वाटत आलंय की शेक्सपिअरची अखेरची नाटकं वाचायची किल्ली त्या प्रश्नात आहे. मोठमोठे समीक्षक गेली दीडशे वर्षं या नाटकांवर भांडताहेत, आणि भांडणाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. शेवटी सगळं खरंच गोड होतं का? झालंच, तर गेलेल्याचं काय?

आधी ही नाटकं कुठली ते सांगतो. शेक्सपिअर १५६४ साली जन्मला आणि १६१६ साली गेला. ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’, ‘किंग लिअर’, ‘मॅकबेथ’ या मोठ्या शोकांतिका साधारण १६०० ते १६०६ या काळातल्या. त्यानंतर त्याच्या लेखणीला वेगळंच वळण लागलं. साधारण १६०७ ते १६११ या चार वर्षांत ‘पेरिक्लीज’, ‘सिम्बेलीन’, ‘द विंटर्स टेल’ आणि ‘द टेम्पेस्ट’ ही चार नाटकं आली. ‘अखेरची नाटकं’ म्हटलं की मुख्यतः हीच चार डोळ्यापुढं येतात. माझ्या शेकोटीची गोष्ट यातली तिसरी. तिच्या नावाचा अर्थच ‘हिवाळ्यातली गोष्ट’ असा आहे.

चारही नाटकांत बापाला आपलं मूल हरवलं असं वाटतं आणि शेवटी ते सापडतं. चारांतही एखादा राजा किंवा मोठा माणूस चुकतो, किंवा त्याच्यावर अन्याय होतो. समुद्र येतो, देव येतात, मेलेली माणसं जिवंत निघतात. गाणी असतात. दुःख आणि गंमत एकाच ताटात वाढलेली असते.

आता अडचण बघा. शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या सोबत्यांनी त्याची नाटकं एका मोठ्या ग्रंथात छापली. त्यात तीनच कप्पे होते, सुखांतिका, ऐतिहासिक नाटकं आणि शोकांतिका. ‘टेम्पेस्ट’ सुखांतिकांच्या सुरुवातीला गेलं आणि ‘विंटर्स टेल’ त्यांच्या शेवटी. ‘सिम्बेलीन’ला शोकांतिकांत बसवलं, तिथं शेवटी सगळे एकमेकांना भेटत असूनही. ‘पेरिक्लीज’ तर ग्रंथात घेतलंच नाही, बहुधा त्याचा पुष्कळ भाग दुसऱ्या लेखकाच्या हातचा म्हणून. जवळच्या माणसांनाही या नाटकांना काय म्हणावं ते कळलं नव्हतं. ‘रोमान्स’ हे नाव पुढं १८७० च्या दशकात डब्लिनचे प्राध्यापक एडवर्ड डाउडन यांनी रुजवलं. मराठीत रोमान्स म्हटलं की प्रेमप्रकरण आठवतं. इथला अर्थ तो नाही. लांब प्रवासाची, संकटांची, चमत्कारांची जुनी अद्भुतकथा असा तो आहे. आपल्याकडं नळ-दमयंतीची गोष्ट आहे ना, त्या जातीची. आणि दमयंती तर विदर्भाचीच.

शिकलेल्या माणसांना ही मिसळ फार काळ पचली नाही. ‘पेरिक्लीज’ लोकांना प्रचंड आवडलं होतं, पण बेन जॉन्सन या समकालीन नाटककारानं त्याला बुरसटलेली गोष्ट म्हटलं. अठराव्या शतकातले सॅम्युएल जॉन्सन ‘सिम्बेलीन’बद्दल इतके कडक होते की त्यातल्या वेडगळपणावर टीका करणं म्हणजेही टीका वाया घालवणं, असं त्यांचं मत. विश्वास बसणार नाही अशा घटना, खंडीभर योगायोग, रडण्याच्या मध्ये गाणं, असा एकूण आरोप.

झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला हा आरोप कळायलाच वेळ लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची बुकिंगची दुकानं ओळीनं आहेत. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमाराला पडतो. त्या एका रात्रीत सासू सुनेला छळते, विनोदी नट पोट धरून हसवतो, ऑर्गनवर गाणं होतं, हरवलेला भाऊ ओळखू येतो आणि मायबाई पदरानं डोळे पुसतात. हसणं आणि रडणं वेगळं ठेवावं असं इथं कुणाला वाटत नाही. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. पण शेक्सपिअरच्या अखेरच्या नाटकांसाठी जसा प्रेक्षक लागतो तसा इथं आधीपासून बसलेला आहे. ‘पेरिक्लीज’मध्ये तर गॉवर नावाचा, कधीच मरून गेलेला जुना कवी रंगमंचावर येतो आणि म्हणतो की जुनं गाणं गायला मी राखेतून उठून आलोय. तो प्रत्येक टप्प्याला येऊन गोष्ट पुढं नेतो. कीर्तन ऐकलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

‘विंटर्स टेल’पाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण चारांत मला ते सगळ्यांत खोल वाटतं.

सिसिलीचा राजा लिऑन्टीज. त्याचा बालमित्र, बोहेमियाचा राजा, नऊ महिने पाहुणा म्हणून राहिलाय. तो निघायचं म्हणतो. राजा थांब म्हणतो, तो ऐकत नाही. राजा बायकोला म्हणतो, तू सांगून बघ. राणी हर्मायनी हसतखेळत त्याला थांबवते, आणि त्याच क्षणी राजाच्या डोक्यात संशयाचा किडा शिरतो. ‘ऑथेल्लो’त संशय पेरायला इयागो तरी होता. इथं कुणीच नाही. बाहेरून कुणी काही लावून दिलेलं नाही, राजाच्या मनातून आपोआप विष येतं. पुष्कळ टीकाकारांना हे घाईचं, न पटणारं वाटलं. मला ते भयंकर खरं वाटतं. संशयाला कारण लागत नाही, हे ज्या बायकांनी भोगलंय त्यांना विचारा.

भर दरबारात राणीची चौकशी होते. देवाचा कौल येतो की राणी निर्दोष आहे. राजा कौलच खोटा म्हणतो. तेवढ्यात निरोप येतो, युवराज मॅमिलियस गेला. राणी कोसळते. थोड्या वेळानं तिची सखी पॉलिना येऊन राजाला तोंडावर सुनावते की तीही गेली, आणि तू मारलंस. राजाचे डोळे उघडतात, पण तोवर सगळं झालेलं असतं.

इकडं तान्ह्या मुलीला घेऊन पॉलिनाचा नवरा अँटिगोनस बोहेमियाच्या किनाऱ्यावर उतरलाय. बोहेमियाला समुद्रच नाही म्हणून बेन जॉन्सननं चेष्टा केली होती, ती सोडून देऊ. बाळाला खाली ठेवून तो वळतो आणि नाट्यसंहितेतली सर्वांत प्रसिद्ध रंगसूचना येते, अस्वल पाठीमागं लागलेलं असताना तो निघून जातो. पाश्चात्त्य नाट्यगृहांत इथं बहुतेकदा हशा पिकतो. समीक्षक म्हणतात, हा नाटकाचा बिजागरा आहे, शोकांतिका इथं मिटते आणि सुखांतिका उघडते, म्हणून भीती आणि हसू एकत्र येतं. विचार चांगला आहे. पण आमच्या अंगणात अस्वल आलं तेव्हा कुणी हसलं नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेल्या माणसाला अस्वलानं फाडल्याच्या बातम्या आमच्याकडं येतात. एकानं एवढंच विचारलं, ‘‘वाचला का?’’ मी म्हटलं, नाही. सगळे गप्प झाले. तेव्हा मला कळलं की ही जागा हसण्याची आहे की भ्यायची, हे पुस्तकात ठरलेलं नाही. ऐकणारा कुठल्या जंगलाच्या कडेला राहतो त्यावर ते ठरतं.

त्याच जागी एक म्हातारा मेंढपाळ येतो. त्याचा मुलगा माणूस मरताना बघून आलाय आणि म्हाताऱ्याला बाळ सापडलंय. तो पोराला म्हणतो, तुला मरणारं भेटलं, मला नुकतं जन्मलेलं. मग ‘काळ’ हे पात्र स्वतः येतं आणि सोळा वर्षं उलटून टाकतं. पुढचा अंक उन्हाळ्यातला, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या सणाचा. गाणी, नाच, फिती विकणारा आणि खिसे कापणारा एक लबाड, चोरून जुळलेलं प्रेम, सगळं अगदी मंडईसारखं. मंडईत आमच्याकडं सोयरिकी जुळतात, तशी इथं परडिटाची, म्हणजे त्या टाकलेल्या मुलीची, राजपुत्राशी जुळते.

आणि शेवटी पुतळा. पॉलिना सगळ्यांना घेऊन येते, पडदा बाजूला करते. राजा बघतो आणि एक विचित्र वाक्य बोलतो. हर्मायनीच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या नव्हत्या, ती एवढी वयस्क नव्हती. पॉलिना म्हणते, शिल्पकाराचं कसब ते, ती आज असती तर कशी दिसली असती तसं त्यानं घडवलंय. मग ती म्हणते, तुम्हाला श्रद्धा जागी करावी लागेल. संगीत सुरू होतं. पुतळा खाली उतरतो. राजा हात लावतो आणि म्हणतो, ही तर उबदार आहे!

शेक्सपिअरनं इथं प्रेक्षकालाही अंधारात ठेवलेलं असतं. एरवी तो सहसा असं करत नाही, कोण वेषांतरात आहे, कोण जिवंत आहे, हे आधी सांगतो. इथं राणी मेली असंच आपणही सोळा वर्षं धरून चाललेलो असतो. त्यामुळं राजाबरोबर आपलाही हात त्या दगडाला लागतो.

आता तीन बारीक गोष्टी. पहिली, त्या सुरकुत्या. चमत्कारानं राणी परत दिली, तरुणपण परत दिलं नाही. दुसरी, राणी राजाला मिठी मारते, पण शेवटच्या प्रवेशात त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. तिचं एकमेव बोलणं देवांशी आणि मुलीशी आहे. मुलीला ती म्हणते, तू सापडशील या आशेनं मी स्वतःला जगवलं. तिसरी गोष्ट आजीची. त्या प्रवेशात मॅमिलियसचं नाव कुणी काढत नाही. त्याच्या आधी एकदा पॉलिना त्याची आठवण काढते, तेव्हा राजा कळवळून तिला थांबवतो. त्याच्याबद्दल बोललं की तो माझ्यापुरता पुन्हा मरतो, असं म्हणतो.

हे बघितल्यावर समीक्षकांच्या भांडणाकडं वळू.

डाउडन यांचं म्हणणं असं की शेक्सपिअर तरुणपणी कारागिरी शिकला, मग जग बघितलं, मग दुःखाच्या खोल दरीत उतरला आणि शेवटी शिखरावर चढला. तिथून तो सगळ्यांकडं शांतपणे, क्षमेनं बघतो. हे चित्र इतकं गोड होतं की पाठ्यपुस्तकांत घट्ट बसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिटन स्ट्रेची या तरुण टीकाकारानं त्याला जोराचा धक्का दिला. त्यानं म्हटलं, कसली शांती? हा माणूस कंटाळलाय. माणसांना, जगण्याला, नाटकालाही, फक्त कवितेत त्याचा जीव उरलाय. या नाटकांत किती घाणेरडे, चिडके, शिवराळ तुकडे आहेत ते त्यानं दाखवलं, आणि ते खरोखर आहेत. लिऑन्टीजचं पहिल्या अंकातलं बोलणं वाचून कुणाला शिखरावरची शांतता जाणवणार नाही.

दोघांचीही चूक मला एकच वाटते. दोघं नाटकातून माणसाची तब्येत शोधतात. १५९६ साली शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन गेला. १६०८ साली आई गेली आणि त्याच वर्षी नात जन्मली. हे सगळं खरं आहे, आणि हरवलेली मुलं आणि सापडलेल्या मुली वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. मलाही आठवतं. पण त्यावरून ‘म्हणून त्यानं असं लिहिलं’ म्हणायला पुरावा नाही. शेक्सपिअरनं आपल्या मनाबद्दल एक चिठ्ठीही मागं ठेवलेली नाही.

१९४८ साली जी. ई. बेंटली या अभ्यासकानं साधा, व्यवहाराचा मुद्दा मांडला. १६०८ साली शेक्सपिअरच्या कंपनीला ब्लॅकफ्रायर्स नावाचं बंदिस्त नाट्यगृह मिळालं. त्याआधी त्यांचं ‘ग्लोब’ होतं, उघड्या आभाळाखालचं, एका पेनीत उभं राहून नाटक बघायचं. ब्लॅकफ्रायर्सला कमीत कमी सहा पेन्स लागत. प्रेक्षक श्रीमंत, जागा लहान, उजेड मेणबत्त्यांचा. मेणबत्त्यांची काजळी काढायला अंकांच्या मध्ये थांबावं लागे आणि तेवढ्यात संगीत वाजे. म्हणून संगीत वाढलं, जादू वाढली, पुतळ्यासारखी जवळून बघायची दृश्यं आली. वडशाच्या कंपन्यांना हे ताबडतोब समजेल, कारण त्यांचा लेखकही माईक कसा आहे, गाणारी बाई कोण आहे, मंडप केवढा आहे हे बघून प्रवेश लिहितो. मला हा मुद्दा फार आवडतो, फक्त तो पुरा पडत नाही. सायमन फॉर्मन नावाच्या वैद्य-ज्योतिष्यानं १५ मे १६११ रोजी ‘विंटर्स टेल’ बघितल्याची टिपण लिहून ठेवलीय, आणि ते त्यानं बघितलं ग्लोबमध्ये, भर उजेडात. नाटक दोन्हीकडं चालत होतं. गंमत म्हणजे त्या टिपणात पुतळ्याचा उल्लेखच नाही. खिसेकापूबद्दल मात्र त्यानं स्वतःला बजावलंय की अशा भामट्यांपासून सावध राहायचं.

चौथा गट विल्सन नाईट (१९२९) आणि टिलयार्ड (१९३८) यांचा. त्यांच्या मते ही नाटकं म्हणजे शोकांतिकेनंतरचं पान. शोकांतिकेत जे मरतं ते इथं पुन्हा उगवतं, हिवाळ्यानंतर वसंत यावा तसं. परडिटा फुलं वाटताना प्रॉसर्पिनाची आठवण काढते. ही पाताळात पळवून नेलेली मुलगी, तिच्या जाण्या-येण्यानं ऋतू बदलतात अशी रोमनांची कथा आहे. शेतकऱ्याला हे वाचन जवळचं वाटणार. बी मातीत जातं आणि रोप येतं. पण रोप म्हणजे तेच बी नव्हे, आणि पेरलेलं सगळंच उगवत नाही. मॅमिलियस उगवत नाही. नाईट यांच्या वाचनात तो मुलगा वसंताच्या खाली दडपला जातो, म्हणून मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत जात नाही.

माझं म्हणणं असं आहे. या नाटकांत क्षमा आहे, पण भरपाई नाही. दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढं ठेवायला शेक्सपिअरला ही वेडीवाकडी, जुनी, आजीच्या गोष्टीसारखी रीत लागली. शोकांतिकेत फक्त नुकसान दिसलं असतं आणि सुखांतिकेत फक्त भेट.

हे मला इंग्रजी पुस्तकांपेक्षा घराजवळच्या एका नाटककारामुळं जास्त कळलं. आठव्या शतकातला भवभूती. आपलं कुळ विदर्भातल्या पद्मपूरचं, असं तो स्वतः सांगतो, आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं मानलं जातं. त्याच्या तीन नाटकांतलं सर्वांत परिपक्व ‘उत्तररामचरित’. राजा गरोदर पत्नीला टाकतो, बारा वर्षं जातात, वाढलेली मुलं भेटतात आणि गेली असं समजलेली पत्नी शेवटी सर्वांसमोर आणली जाते. ‘विंटर्स टेल’चा सांगाडा हाच आहे! इकडून तिकडं काही गेलं असेल असं मात्र समजू नये. विल्यम जोन्स यांचं ‘शाकुंतल’चं इंग्रजी भाषांतर १७८९ साली आलं, तोवर युरोपला संस्कृत नाटक माहीतच नव्हतं.

दोघांनी हाताळलेली गोष्ट मुळात वेगळ्या शेवटाची होती. रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. शेक्सपिअरनं ज्या १५८८ सालच्या कादंबरिकेवरून नाटक घेतलं, त्या रॉबर्ट ग्रीनच्या ‘पँडोस्टो’त राणी खरोखरच मरते आणि राजा शेवटी आत्महत्या करतो. दोघांनीही मेलेली राणी परत आणली. दोघांनीही त्यासाठी नाटकाच्या आत नाटक उभं केलं. तिकडं पॉलिना पडदा सारते, इकडं वाल्मीकींचं नाटक गंगाकाठी अप्सरा करून दाखवतात, राम ते बघताना मूर्च्छित पडतो आणि अरुंधती सीतेला घेऊन पुढं येते. दोन्हीकडं राजाला सुनावणारी एक बाई आहे. पॉलिनाचं काम तिसऱ्या अंकात वासंती ही वनदेवता करते. तू माझं जीवित, तू माझं दुसरं हृदय, असं ज्या भोळीला म्हणत होतास, तिचंच... इतकं बोलून ती थांबते, पुढचं वाक्य तिच्याच्यानं होत नाही. त्याच अंकात सीता रामाच्या शेजारी अदृश्यपणे उभी असते आणि मूर्च्छित पडलेल्या रामाला हात लावून जागं करते. शेक्सपिअरकडं राजाचा हात दगडाला लागतो, भवभूतीकडं न दिसणारा हात राजाला लागतो. रामाचं दुःख बघून दगडही रडतो असं भवभूती पहिल्याच अंकात म्हणून गेलाय.

फरकही आहे, आणि तो मोठा आहे. भवभूती लव-कुश दोघांनाही परत देतो, हातचं काही ठेवून घेत नाही. शेक्सपिअर एक मूल परत देतो, एक देत नाही. कुणाचं चांगलं, असं मी म्हणणार नाही. भवभूती वाचताना मला रडू येतं, शेक्सपिअर वाचताना ते घशात अडकतं.

‘टेम्पेस्ट’ अगदी उलट बांधणीचं आहे. ‘विंटर्स टेल’ सोळा वर्षं घेतं, हे तीन-चार तासांत संपतं. मिलानचा राज्यकर्ता प्रॉस्पेरो पुस्तकांत बुडालेला असताना भाऊ अँटोनिओ त्याचं राज्य बळकावतो आणि त्याला लहान मुलीसह होडीत घालून सोडून देतो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात गेलेले भाऊ ज्या गावात आहेत तिथं ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बारा वर्षांनी शत्रू त्याच्या बेटाजवळ येतात, तो जादूनं वादळ उठवून त्यांना आपल्या हातात आणतो. सूड घ्यायची सगळी सोय आहे. आणि मग त्याचा सेवक, एरियल नावाचा वायुरूप जीव, म्हणतो की त्यांची अवस्था बघून तुमचं मन विरघळेल. प्रॉस्पेरो विचारतो, तुला असं वाटतं? एरियल म्हणतो, मी माणूस असतो तर माझं विरघळलं असतं. माणुसकी त्याला माणूस नसलेल्याकडून कळते. नाटकाचा काटा या एका ओळीवर फिरतो.

तो भावाला क्षमा करतो. पण कशी? तुला भाऊ म्हटलं तर तोंड विटाळेल, असं म्हणत. आणि अँटोनिओ त्याला उत्तरच देत नाही. त्यानंतर तो एकदाच तोंड उघडतो, तेही भलत्याच गोष्टीवर. क्षमा दिली, समोरच्यानं घेतली का? शेक्सपिअर सांगत नाही.

‘टेम्पेस्ट’ हा शेक्सपिअरचा रंगभूमीला निरोप आणि जादूची काठी मोडणारा प्रॉस्पेरो म्हणजे तोच, असं शाळा-कॉलेजात सांगतात. ऐकायला फार छान वाटतं. पण त्यानंतरही त्यानं जॉन फ्लेचर या तरुण नाटककाराबरोबर लिहिलं. त्यातल्या ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात २९ जून १६१३ रोजी तोफेच्या ठिणगीनं ग्लोब जळून खाक झालं. शिवाय ‘टेम्पेस्ट’ लिहिताना तो सत्तेचाळीसच्या आसपास होता. आपण बावन्नाव्या वर्षी जाणार हे त्याला कुठं ठाऊक होतं? ‘अखेरचं’ हा शब्द आपण मागाहून लावलाय.

आणि कॅलिबन. बेट मुळात त्याचं. हे बेट माझं, माझ्या आईकडून आलेलं, असं तो सांगतो. त्यानं प्रॉस्पेरोच्या मुलीवर हात टाकायचा प्रयत्न केला होता, तेही नाटक लपवत नाही. पण पाण्याचे झरे कुठं, सुपीक जमीन कुठं, हे नव्या माणसाला त्यानंच दाखवलेलं असतं, आणि आता तो लाकडं वाहतो. एमे सेझेर या कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावरच्या कवीनं १९६९ साली हे नाटक कॅलिबनच्या बाजूनं नव्यानं लिहिलं, आणि तेव्हापासून ‘टेम्पेस्ट’ परक्या सत्तेचा विचार केल्याशिवाय वाचता येत नाही. गडचिरोलीच्या जंगलाच्या कडेला राहून तर नाहीच. कॅलिबनचं एक बोलणं मला वर्गात नेहमी आठवे. तुम्ही मला भाषा शिकवलीत, मला त्याचा फायदा एवढाच की शिव्या देता येतात. पहिलीत आलेलं पोर घरची झाडीबोली बोलायचं आणि मी ते ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करायचो. कितीतरी वर्षं केलं. त्या पोरांनी माझ्या शुद्ध भाषेत पुढं काय म्हटलं असेल, याचा विचार मला हे नाटक वाचल्यावर आला. शेवटी प्रॉस्पेरो कॅलिबनकडं बोट दाखवून म्हणतो, हा अंधार माझा आहे, मी तो मान्य करतो. त्या वाक्यात मालकी आहे की अपराध, यावर अजून वाद चालतो. मला दोन्ही ऐकू येतं.

वाचायचं ठरवलं तर ‘विंटर्स टेल’पासून सुरू करा, शक्यतो मोठ्यानं, दोघा-चौघांत बसून. ‘सिम्बेलीन’ शेवटी घ्या. त्याच्या अखेरच्या प्रवेशात इतकी गुपितं एकामागून एक फुटतात की सवय झाल्याशिवाय धाप लागते. ‘पेरिक्लीज’चे पहिले दोन अंक रेटून काढा. तिथं बहुधा लेखणी दुसऱ्याची आहे. पाचव्या अंकात बोलणं सोडून दिलेल्या बापासमोर मुलगी गाते, ते मात्र चुकवू नका.

त्या रात्री आजीला मी खरं ते सांगितलं, पोरगा परत आला नाही. तिनं मान हलवली, जणू तिला ते माहीत होतं. मग मला नाटकाच्या सुरुवातीची एक जागा आठवली, ती मी गोष्टीत गाळली होती. आई मॅमिलियसला म्हणते, एखादी गोष्ट सांग. तो विचारतो, आनंदाची की दुःखाची? आणि स्वतःच म्हणतो, हिवाळ्यात दुःखाचीच बरी, मला एक भुतांची येते. सुरुवात करतो, ‘‘एक माणूस होता, तो मसणाजवळ राहायचा...’’ इतर बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून आईच्या कानाशी तोंड नेतो, आणि तेवढ्यात बाप दरबाऱ्यांना घेऊन आत येतो.

‘‘मंग?’’ आजीनं विचारलं.

मी म्हटलं, एवढंच लिहिलंय. तिनं शेकोटीत एक काटकी सरकवली. तिच्या मांडीवरचा नातू जागाच होता. तो म्हणाला, ‘‘मी सांगू का पुढं?’’